खिडकीकडे पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी: विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,
नाशिक.

विषय: नव्या संगणक दालनातील स्क्रीनवर पडणारी चकाकी आणि पडद्यांना मनाई करणारे परिपत्रक.

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेच्या संगणक केंद्रात मी अनेक वर्षांपासून मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि अक्षरजुळणी शिकवते आहे. जूनमध्ये हे केंद्र जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीतून नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवण्यात आले. नव्या दालनात दुपारनंतर संगणकाच्या स्क्रीनवर इतकी चकाकी येते की मजकूर वाचता येत नाही, असे मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी लेखी कळवले. त्या अर्जांना उत्तर मिळाले नाही. आले ते परिपत्रक. त्यात म्हटले आहे की दालनाच्या काचांवर कागद, पुठ्ठा किंवा कापड लावू नये. पडदे लावल्यास इमारतीचे दर्शनी सौंदर्य बिघडते, म्हणून त्यांना परवानगी मिळणार नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांना त्रास होत असेल त्यांनी ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश गाळणारा, चष्मा वापरावा. या तिन्ही सूचना मला गप्प राहून स्वीकारता येत नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. कोणाची नाचक्की व्हावी असा माझा हेतू नाही. शिवाय गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा शहराच्या वाढत्या भागांत काचेचा दर्शनी भाग असलेल्या ज्या इमारती उभ्या राहत आहेत, त्यांतील अभ्यासिका, कार्यालये आणि संगणकवर्ग चालवणाऱ्यांनीही हे पत्र आपल्याला लिहिले आहे असे समजून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

हा प्रश्न मला इतका जिव्हाळ्याचा का वाटतो, ते आधी सांगते. दुपारच्या तुकडीतील बहुतेक मुले-मुली त्र्यंबक, पेठ आणि दिंडोरी तालुक्यांतील गावांतून एसटीने येतात. सकाळी घरचे किंवा शेतातले काम असते, कोणी दुकानात अर्धा दिवस नोकरी करते, म्हणून सकाळची तुकडी त्यांना जमत नाही. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या घरी संगणक आहे. त्यामुळे कळफलकावर हात बसवण्यासाठी जो काही वेळ त्यांना मिळतो तो आपल्या दालनातच मिळतो. मिनिटाला ३० मराठी शब्दांची गती गाठून शासकीय प्रमाणपत्र हाती आले, तर लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो, आणि अनेक घरांत तसा अर्ज करणारे हे पहिलेच माणूस असते. सकाळच्या तुकडीइतकेच शुल्क ते भरतात, त्याच परीक्षेला बसतात, पण सरावाची स्क्रीन मात्र त्यांना अर्धवटच दिसते. माझा मूळ आक्षेप हा आहे. चकाकी हा त्यांच्या डोळ्यांचा दोष नाही. दालन कोणत्या दिशेला घ्यायचे, टेबले कशी मांडायची, काचेला काय लावायचे आणि कोणती स्क्रीन विकत घ्यायची, या आपण घेतलेल्या निर्णयांतून ती आली आहे, आणि म्हणून ती दूर करणेही आपल्याच हातात आहे.

पहिली तक्रार दिशेची. दालनाची पश्चिमेकडील संपूर्ण भिंत कमरेपासून छतापर्यंत काचेची आहे. स्वच्छ हवेत तिथून अंजनेरीची डोंगररांग दिसते, आणि पाहुण्यांना ते दृश्य आवडते हे मी समजू शकते. मलाही ते आवडते. पण नाशिकचा सूर्य कसा चालतो याचा विचार करून त्या जागी संगणक ठेवायला हवे होते. नाशिक सुमारे ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटे मागे असतो. तो माथ्यावर येतो तेव्हा वर्षातला बराच काळ साडेबारा वाजून गेलेले असतात आणि तेथून पुढे तो पश्चिमेकडे कलू लागतो. दुपारी अडीच ते साडेपाच ही तुकडीची सगळी वेळ तो या काचेसमोरच असतो.

खिडक्यांना छज्जा आहे, त्यामुळे ऊन आत येणार नाही, असे बांधकामाच्या वेळी सांगण्यात आले होते. दक्षिणेकडच्या खिडकीच्या बाबतीत हे बरोबर ठरले असते, कारण दुपारचा दक्षिणेकडील सूर्य उंचावर असतो. पश्चिमेचा सूर्य मात्र खाली उतरत येतो. डिसेंबरच्या अखेरीस संध्याकाळी पाच वाजता नाशिकमध्ये तो क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो. त्या वेळी दोन फुटी छज्जा काचेच्या वरच्या सुमारे अर्ध्या फुटावरच सावली धरतो आणि उरलेली सगळी काच उघडी राहते. जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर मावळतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला तितक्याच अंतरावर. परंतु वर्षातला एकही महिना असा नाही की ज्यात दुपार ढळल्यावर तो या भिंतीसमोर नसतो. आडवा छज्जा अशा उन्हाला अडवू शकत नाही. त्याला उभ्या फळ्या, जाळी किंवा खाली-वर करता येणारे पडदे लागतात. जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि आतल्या चौकातून येणारा उजेड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नव्याने सांगावे लागू नये.

पावसाळ्यात प्रश्न आपोआप सुटेल असेही आपल्या कार्यालयातून मला सांगण्यात आले होते. तो सुटला नाही. सूर्य ढगाआड असला तरी पांढरे ढगाळ आभाळ स्वतःच पुष्कळ उजळ असते, आणि स्क्रीनमध्ये प्रतिबिंब पडायला तेवढे पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाची तिरीप नव्हती, डोळ्यांना बोचणारी प्रखरताही कमी झाली, पण स्क्रीनवर पसरणारा पांढरट थर तसाच राहिला.

दुसरी तक्रार मांडणीची. विद्यार्थी पूर्वेच्या फळ्याकडे तोंड करून रांगांत बसतात, म्हणजे काचेची भिंत त्यांच्या पाठीशी येते आणि सगळ्या स्क्रीन थेट खिडकीकडे तोंड करून असतात. त्यामुळे विहिरीत डोकावल्यावर पाण्याऐवजी आभाळच दिसावे, तशी त्यांची गत होते: समोर उतारा असतो, पण दिसते ती खिडकी, तिच्या चौकटी आणि मागच्या रांगेतल्या मुलीची पांढरी ओढणी. शिक्षकाचे टेबल याच्या उलट आहे. मी पश्चिमेकडे तोंड करून बसते, माझ्या स्क्रीनमागे संपूर्ण उजळ काच असते, आणि त्या उजेडाशी जुळवून घेतलेल्या डोळ्यांना स्क्रीन काळपट भासते. चकाकीचे दोन्ही प्रकार, म्हणजे काचेतून परावर्तित होऊन येणारी आणि समोरून थेट डोळ्यांत घुसणारी, एकाच दालनात नांदत आहेत. प्रकाशयोजनेचा साधा संकेत असा आहे की आपण पाहतो त्या वस्तूच्या लगतचा भाग तिच्या तिप्पटीहून आणि दूरचा परिसर दहापटीहून अधिक उजळ असू नये. माझ्या टेबलावरून तिसऱ्या प्रहरी पाहिले तर हे प्रमाण कितीतरी पटींनी मोडलेले असते.

तिसरी तक्रार स्क्रीनची आहे आणि तिच्यावर मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण येथेच ‘उजळपणा वाढवा’ हे उत्तर वारंवार दिले जाते. नव्या संगणकांच्या स्क्रीन चकचकीत काचेच्या आहेत. दालनात मांडलेल्या त्या पाहुण्यांना देखण्या वाटतात, कारण चकचकीत पृष्ठभागावर रंग गडद दिसतात. पण साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, आणि तो आरशासारखा एकाच दिशेने फिरतो. आता साधा हिशेब करू. कार्यालयीन स्क्रीनचा पांढरा भाग २५० निट (निट हे पृष्ठभागाचा उजळपणा मोजण्याचे एकक) उजळ आहे आणि काळा भाग त्याच्या हजाराव्या हिश्शाइतका आहे असे धरा. माहितीपत्रकात असेच गुणोत्तर छापलेले असते. पाठीमागच्या खिडकीतून दिसणाऱ्या उजळ आभाळाची प्रखरता ५,००० निट धरली, तर त्याचे ४ टक्के म्हणजे २०० निट स्क्रीनवर सर्वत्र मिसळतात, काळ्यावरही आणि पांढऱ्यावरही. पांढरा भाग ४५० होतो, काळा २०० होतो, आणि हजारास एक असलेले गुणोत्तर सव्वादोनास एक इतके खाली येते. संकेतस्थळांवरील मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष सर्वत्र मानले जातात, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे असे सांगितले आहे. आपले विद्यार्थी त्याच्या निम्म्या गुणोत्तरावर सराव करतात.

उजळपणा दुप्पट करून ५०० निट केला, तरी पांढरा भाग ७०० आणि काळा २०० राहतो. गुणोत्तर साडेतीनाच्या पुढे जात नाही, वीज जास्त लागते आणि ऊन उतरल्यावर तीच स्क्रीन डोळ्यांना टोचते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हा पर्यायही मी वर्गात वापरून पाहिला. गडद भागातच प्रतिबिंब अधिक ठळक दिसत असल्याने त्याने त्रास वाढला. याउलट, स्क्रीनला हात न लावता पडदा ओढून खिडकीची प्रखरता दहाव्या हिश्शावर आणली, तर मिसळणारा प्रकाश २० निट उरतो आणि गुणोत्तर तेराच्याही वर जाते. जे काम दुप्पट वीज खर्चूनही होत नाही ते एका पडद्याने होते, आणि परिपत्रकाने नेमका तोच पडदा नाकारला आहे.

देवनागरी मजकुराला याचा फटका विशेष बसतो. आपल्या लिपीत अनुस्वाराचा ठिपका, रफाराची वाकडी रेघ, ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक एवढ्याशा रेघेवर उभा असतो. इंग्रजी उताऱ्यात शब्दाच्या आकारावरून अंदाज बांधून पुढे जाता येते. मराठी उताऱ्यात ‘त्यानी’ आहे की ‘त्यांनी’ हे ठिपका दिसल्याशिवाय कळत नाही. परीक्षेत अशी प्रत्येक चूक मोजली जाते. सकाळच्या तुकडीत सहज तीस शब्दांवर पोचलेली मुलगी सुट्टीमुळे एखाद्या दिवशी दुपारी बसली की तिची गती घसरते आणि चुका वाढतात, हे मी आणि माझे सहकारी वारंवार पाहतो. दुपारच्या मुलांचा ‘सराव कमी पडतो’ असा जो शेरा कार्यालयाने त्यांच्या प्रगतिपत्रकांवर मारला आहे तो मागे घेतला जावा, असे मला मनापासून वाटते. त्यांनी मन लावून सराव केलेला आहे.

शरीरावर होणारा परिणाम केवळ डोळ्यांपुरता नसतो. प्रतिबिंब चुकवण्यासाठी मूल मान तिरपी करते, पुढे झुकते, एका खांद्यावर भार टाकते, आणि तीन तास तसेच बसते. माणूस एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच उतरते, आणि मजकूर अस्पष्ट असला की डोळे ताणून अधिकच टक लावली जाते. त्यात वातानुकूलनाची कोरडी हवा. संध्याकाळी डोळे चुरचुरणे, पाणी येणे, कपाळ ठणकणे या तक्रारी घेऊन मुले एसटी स्थानकाकडे जातात. चाळिशी उलटलेल्या आम्हा शिक्षकांना हे आणखी जाचते, कारण वयानुसार डोळ्यातील भिंगाचा पारदर्शकपणा कमी होतो, आत शिरलेला उजेड अधिक विखुरतो आणि डोळे लवकर दिपतात.

यावर ब्लू-कट चष्मा हा उपाय नाही. असा चष्मा प्रकाशातील निळ्या रंगाचा काही अंश गाळतो. खिडकीचे प्रतिबिंब केवळ निळ्या रंगाचे नसते, ते सगळ्या रंगांचे मिळून झालेले असते आणि चष्म्यामागेही तसेच दिसते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये अशा चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अल्पकाळात तरी या चष्म्यांमुळे कमी होत असल्याचे आढळले नाही. ज्याला नंबर आहे त्याने नंबराचा चष्मा जरूर घ्यावा आणि परावर्तन कमी करणारा लेप असलेली काच मिळाली तर उत्तमच. पण दालनाच्या रचनेतील उणिवेची किंमत विद्यार्थ्यांनी आपल्या खिशातून चष्मा घेऊन चुकवावी, ही सूचना एका शिक्षणसंस्थेला शोभणारी नाही.

चौथी तक्रार दालनाच्या आतल्या वस्तूंची, ती थोडक्यात सांगते. छतातील चौकोनी एलईडी दिव्यांच्या रांगा विद्यार्थ्यांच्या बरोबर डोक्यामागे येतात आणि प्रत्येक स्क्रीनच्या वरच्या भागात एक पांढरा चौकोन उमटवतात. सगळे दिवे एकाच बटणावर आहेत, त्यामुळे खिडकीजवळच्या रांगेत उजेड नको असतानाही ते लावावे लागतात. टेबलांवर पांढरा चकचकीत सनमायका आहे. तो वरचा उजेड खालून पुन्हा डोळ्यांत फेकतो.

पाचवी तक्रार परिपत्रकाच्या भाषेविषयी आहे. मॉनिटरच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून काही मुलांनी स्क्रीनच्या वर आणि दोन्ही बाजूंना आडोसे केले होते, मागच्या रांगेतील मुलींनी काचेच्या खालच्या भागावर वर्तमानपत्रे चिकटवली होती. परिपत्रकात याला ‘विद्रूपीकरण’ म्हटले आहे. छायाचित्रांचे रंग तपासणारे व्यावसायिक स्क्रीनभोवती नेमका असाच काळा आडोसा लावतात आणि त्यासाठी तो विकतही मिळतो. कोणीही न शिकवता मुलांनी योग्य उपाय शोधून काढला होता. त्याचे कौतुक व्हायला हवे होते. त्यांना समज देण्यात आली, आणि ते पुठ्ठे काढायला मला सांगण्यात आले, याचे मला फार वाईट वाटले.

ही मागणी कुठल्या चैनीची आहे असे आपणास वाटत असेल तर दोन गोष्टी लक्षात आणून देते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १७व्या कलमात कामाच्या जागी पुरेसा उजेड असावा एवढेच म्हटलेले नव्हते. डोळे दिपू नयेत म्हणून शक्य तितकी परिणामकारक तजवीज करावी, असेही त्यात सांगितले होते. तो कायदा वर्गखोलीला लागू नव्हता हे मला ठाऊक आहे. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची जी काळजी कायद्याने तेव्हा घेतली, तेवढी तरी त्याच्या मुलीच्या डोळ्यांची आपण घ्यावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. दुसरे असे की युरोपीय समुदायाने १९९० मध्येच संगणकावर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला. त्यात स्क्रीनवर त्रासदायक प्रतिबिंब नसावे आणि खिडक्यांना उजेड कमी-जास्त करता येईल असे आवरण असावे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्या देशांतला सूर्य आपल्यापेक्षा कितीतरी सौम्य असतो.

आता उपायांकडे येते. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण शेवटच्या उपायावर आधी पैसे घातले तर ते वाया जातात. चकाकी जिथून येते तिथे, म्हणजे खिडकीवर, आधी काम करावे, मग टेबलांची दिशा, मग दिवे, आणि सर्वांत शेवटी स्क्रीन. खिडकीवर काळी फिल्म चिकटवून मोकळे व्हावे असा एक विचार कार्यालयात चालू असल्याचे ऐकले. तो करू नये, ही कळकळीची विनंती. फिल्म सकाळी आणि पावसाळ्यातही दालन अंधारे ठेवते, तेव्हा दिवे जास्त जाळावे लागतात, आणि सूर्याची चकती इतकी प्रखर असते की फिल्ममधून तिचा पाचवा हिस्सा आत आला तरी डोळे दिपतातच. हवे तेव्हा ओढता येईल आणि नको तेव्हा गुंडाळता येईल, असेच आवरण इथे लागते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रक तातडीने मागे घ्यावे आणि कायमची व्यवस्था होईपर्यंत विद्यार्थ्यांना पुठ्ठ्याचे आडोसे वापरू द्यावेत. हे करायला एक पैसाही लागत नाही.

पश्चिमेच्या सर्व काचांना आतून फिक्या रंगाचे, दाट विणीचे गुंडाळता येणारे पडदे बसवावेत. शहरातील पडदेवाल्यांकडे मी चौकशी केली आहे. एका नव्या संगणकाच्या किमतीत अनेक खिडक्यांचे पडदे होतात. पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी बाहेरून उभ्या फळ्या किंवा जाळी बसवण्याचा विचार व्हावा, कारण ऊन काचेच्या बाहेर अडले तर चकाकीसोबत उष्णताही बाहेरच राहते आणि वातानुकूलनाचे बिल उतरते. इमारतीच्या सौंदर्याची काळजी मलाही आहे. वास्तुविशारदांना सांगितले तर ते देखणी जाळी नक्की काढून देतील. मात्र त्यांना हे सांगताना दालनात संगणक आहेत आणि तुकडी दुपारची आहे, एवढे आवर्जून सांगावे.

टेबलांच्या रांगा काटकोनात फिरवून विद्यार्थ्यांची तोंडे उत्तरेच्या भिंतीकडे करावीत, म्हणजे खिडकी त्यांच्या डाव्या बाजूला येईल, पाठीशी किंवा समोर येणार नाही. खिडकीला लागून असलेली पहिली रांग थोडी आत सरकवावी. विजेचे बोर्ड जमिनीत बसवलेले असल्याने हे शक्य नाही, असे मला सांगण्यात आले होते. आमच्या केंद्रात पूर्वी काम केलेल्या वायरमनने जागा पाहून भिंतीलगत पट्टी टाकून जोडण्या देता येतील असे सांगितले आहे. त्यांना एकदा बोलावून विचारावे. शिक्षकाचे टेबलही त्याच वेळी वळवावे आणि फळा उत्तरेच्या भिंतीवर न्यावा.

दिव्यांच्या रांगा बसणाऱ्यांच्या नजरेला समांतर आणि दोन रांगांमधील मोकळ्या जागेवर याव्यात, त्यांना उजेड पसरवणारे झाकण असावे, आणि प्रत्येक रांगेला वेगळे बटण असावे. टेबलांच्या चकचकीत पृष्ठभागावर निस्तेज रंगाचा पातळ थर चढवता येतो.

यापुढे खरेदी होणाऱ्या स्क्रीन खरखरीत, म्हणजे मॅट पृष्ठभागाच्याच असाव्यात आणि तशी अट निविदेत लिहावी. आत्ताच्या स्क्रीनना मॅट फिल्म लावायची असेल तर ती पडदे बसल्यानंतर आणि खरोखर गरज उरली तरच लावावी. असा पृष्ठभाग प्रतिबिंब पुसून टाकत नाही, विखुरतो, आणि समोरची खिडकी उघडी असेल तर संपूर्ण स्क्रीन धुरकट होते.

ही सगळी कामे होईपर्यंत दुपारच्या तुकडीला जुन्या इमारतीतील उत्तरेकडची खोली परत द्यावी. ती सध्या जुन्या फर्निचरसाठी वापरली जाते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ नुसता पसरलेला उजेड येतो आणि थेट ऊन येते ते उन्हाळ्याच्या महिन्यांत, तेही तिरकस. परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे ही मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे.

कामे झाली की ती नीट झाली का, हे तपासण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास प्रत्येक स्क्रीन बंद करावी, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसावे आणि काळ्या पडलेल्या काचेत काय दिसते ते पाहावे. खिडकी, दिवा किंवा पांढरे टेबल दिसले तर काम अपुरे आहे. ही तपासणी विश्वस्त मंडळाचा एक सदस्य, एक शिक्षक आणि दुपारच्या तुकडीतील दोन विद्यार्थी यांनी मिळून करावी, आणि तिचा निकाल त्याच दिवशी लिहून ठेवावा.

नवे संगणक, प्रशस्त दालन, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह या गोष्टींसाठी विश्वस्तांनी घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. म्हणूनच या दालनाचा उपयोग सकाळइतकाच दुपारीही व्हावा असे मला वाटते.

या पत्राचे उत्तर आपण लेखी द्यावे, त्यात प्रत्येक कामासमोर ते कधी पूर्ण होईल याची तारीख असावी, आणि ते विद्यार्थ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी, सूचना फलकावर लावावे. जुनी खोली केव्हापासून मिळेल एवढे मात्र या आठवड्यातच कळवावे. दुपारच्या तुकडीचे वेळापत्रक मला त्याप्रमाणे बदलावे लागेल.

आपली नम्र,
संगणक टंकलेखन विभागातील एक शिक्षिका
नाशिक